गिरणीच्या गोष्टीचा शेवट

"अरं मुडद्या, दार उघडतुयास का बाळंत हुतुयास?"

आक्काबाईने टेपरेकॉर्डरला विचारलं. आतला गृहस्थ उत्तर द्यायच्या मनःस्थितीत नव्हता. तो "दाऽऽर... हळूऽऽ हळूऽऽ..." करत होता, मागे कोल्हे ओरडत होते, कोणीतरी पत्रा हलवून वीज पाडत होतं, आणि दार काही केल्या उघडत नव्हतं. आक्काबाईने चाचपडत बटण शोधलं आणि खाडकन दाबलं. कोल्हे गप्प झाले.

"आई, बटण तुटेल," आतून तिची सून सीमा म्हणाली.

"तुटू दे. ह्या बाबाला भूत दिसायच्या आधी म्हातारपन येईल."

काचबिंदूने आक्काबाईचे डोळे गेले त्याला काही वर्षं झाली होती. त्याआधी ती जन्मभर विड्या वळत आली आणि डोळे गेल्यावरही वळत राहिली. विडी वळायला डोळे लागत नाहीत, बोटं लागतात, असं तिचं म्हणणं. पण मुलाला, सम्राटला, ते बरं दिसेना. तो श्रीरामपुरात सरकारी कचेरीत क्लार्क, बायको बालवाडीची बाई, आणि आई बेलापूरच्या ओट्यावर सूप मांडीवर घेऊन तंबाखू भरतेय. त्याने एक दिवस सूप उचलून माळ्यावर टाकलं. हात रिकामे झाले तसा आक्काबाईचा स्वभाव तोंडात येऊन बसला. दुधात पाणी, नळाला पाणी नाही, शेजारच्यांचा रेडिओ, विहारातल्या माइकची खरखर, कशावरही ती करवादायची. शेवटी कचेरीत कोणीतरी सम्राटला सांगितलं की पुण्याला एक संस्था आहे, अंधांसाठी पुस्तकं कॅसेटवर वाचून पोस्टाने पाठवते. घरी येऊन त्याने मोठ्या उत्साहाने विचारलं, "काय ऐकशील? चरित्रं आहेत, धम्मावरची पुस्तकं आहेत."

"धम्माचं मी विहारात ऐकते. भुताचं काय हाय का?"

सम्राट ओशाळला. "आई, आपण बौद्ध माणसं. भूतबीत मानत नाही आपण."

"मानत न्हाई म्हनून तर ऐकायचं. मानलं असतं तर धीर झाला असता का?"

मग पुण्याहून भुतं येऊ लागली, आणि आक्काबाईच्या वैतागाला नवीन कुरण मिळालं. एक बाई प्रेतसुद्धा अंगाई म्हटल्यासारखं उठवायच्या. एक प्राध्यापक जोडाक्षरं इतकी चावून म्हणायचे की 'स्मशान' येईपर्यंत माणसं राख होऊन जावीत. एकजण बायकांची वाक्यं नाकात म्हणायचा. कोल्हेवाला गृहस्थ तर संस्थेचाही नव्हता, त्याला सम्राटने शिर्डीच्या रस्त्यावरच्या कॅसेटवाल्याकडून आणला होता, वर 'आवाजासहित' असं छापलं होतं म्हणून. सीमाने एकदा स्वतः पुस्तक वाचून दाखवलं. ती दर पानाला "अगं बाई गं!" म्हणून थांबायची.

"तू कशापायी भीतीस?" आक्काबाई म्हणाली. "वाचनाऱ्यानं भ्यायचं न्हाई. त्यो भ्याला की आपलं भ्यायचं ऱ्हाऊन जातं. माई बघ कशी वाचायची."

माई म्हणजे तिची थोरली बहीण भीमाबाई. धाकटीचं नाव आक्का ठेवून आईबापांनी जो घोळ घातला तो दोघी आयुष्यभर निस्तरत आल्या, थोरली धाकटीला आक्का म्हणायची आणि ऐकणारे गोंधळायचे. त्यांचं माहेर संगमनेरचं. घरोघर विड्या. दोन्ही बहिणींत शाळा एकीलाच परवडणार होती, ती भीमाबाईला मिळाली. ती चौथी शिकली आणि बाजारातल्या रद्दीवाल्याकडून भुताखेतांची फाटकी पुस्तकं आणून वाचू लागली. दुपारी लिंबाखाली बायका सुपं घेऊन बसत, भीमाबाई वाचे आणि तिच्या वाटच्या विड्या बाकीच्या बायका वळून देत. ती हातवारे करायची नाही, आवाज बदलायची नाही. बाजाराला काय काय आणायचं ते सांगावं तशी सांगायची. पण भर उन्हात बायकांच्या अंगावर काटा उभा राही, आणि आक्काबाईच्या मते त्यानंतर तिला कोणी नीट घाबरवलं म्हणून नाही. भीमाबाई खर्ड्याला दिली, आक्का बेलापूरला. जिल्हा एकच, पण त्याच्या दोन टोकांना. लग्नकार्यात भेट व्हायची तेवढीच. पुढे आक्काचे डोळे गेले आणि माईला दम्याने धरलं, तेव्हा तेही राहिलं.

हिवाळ्यात एक कॅसेट आली. सम्राटने लावली आणि हात धुवायला गेला. वाचणारा पहिलंच वाक्य म्हणाला, की गावातली गिरणी बंद पडून बरीच वर्षं झाली होती, आणि आक्काबाई बाजेवर ताठ बसली.

"सम्राट! ही गिरनीची हाय! माईची गोष्ट!"

ती माईने वाचलेल्या गोष्टींतली सगळ्यांत आवडती होती. बंद गिरणी असलेलं गाव. गिरणीवाला कधीच मेलेला. त्या गावात नवी सून येते. दर गुरुवारी भरदुपारी तिच्या दारात एक डबा येऊन पडलेला असतो. ती झाकण काढते, आत हात घालते. माई एवढंच वाचायची, 'डब्यातलं पीठ गरम होतं.' मग पान उलटायची. लिंबाखाली कोणी श्वास घ्यायचं नाही, कारण दळून आणलेलं पीठ किती वेळ गरम राहतं हे तिथल्या प्रत्येकीला ठाऊक होतं.

कॅसेटवरचा गृहस्थ त्या वाक्याशी आला. जरा थांबला. मागे कुठेतरी पेटी वाजली. "डब्यातलं पीठ... ग...र...म होतं!!"

"मेला," आक्काबाई म्हणाली. "इस्तू पडला का काय त्याच्या हातावर?"

तरी तिने नेट धरला, कारण पुढची गोष्ट तिला हवी होती. जेवण केलं नाही, लाईट गेली तेव्हा सेल घालायला लावले. शेवटची बाजू संपली आणि सम्राटला वाटलं आई आता खूश होईल. आई लालबुंद झाली होती.

"शेवट बदलला त्यानं."

"वाचणारा कसा शेवट बदलेल? समोर पुस्तक असतं."

"बदलला म्हनते ना! फौजदार कुठनं आनला त्यानं? गिरनीत दारू गाळत हुते म्हनं, आन् डबे भट्टीशेजारी ठिवायचे म्हनून पीठ गरम! म्हंजे दारू गाळनारी मान्सं त्या सुनंला फुकाट दळून देत हुती? आन् वर डबा घरपोच?"

फौजदाराचं त्यालाही पटलं नव्हतं. दोन-तीन दिवस घरात दुसरा विषय नव्हता. आक्काबाईला संस्थेकडे तक्रार करायची होती. अखेर सीमा वैतागून श्रीरामपूरच्या वाचनालयातून तेच पुस्तक घेऊन आली आणि शेवटचं प्रकरण मोठ्याने वाचलं. फौजदार होता. भट्टी होती. सगळं होतं.

"म्या ऐकलाय त्यो शेवट असा न्हवता," आक्काबाई हळू आवाजात म्हणाली. "एकदा न्हाई, धा येळा ऐकलाय. दर साली वाचायची ती."

"मग मावशींनी काय वाचलं?" सीमाने विचारलं.

आक्काबाईने तोंड भिंतीकडे फिरवलं. सीमाने पुन्हा विचारलं, "कसा होता त्यांचा शेवट? सांगा की."

"मला न्हाई सांगता येत. म्या आयुष्यभर ऐकलंय. सांगितलं कवा? माझ्या तोंडून ती इस्काटल." मग ती म्हणाली, "मला खर्ड्याला न्या. मला तिलाच इचारायचंय."

नेऊ की, सम्राट म्हणाला, आणि त्याला खरंच न्यायचं होतं. आधी कचेरीत तपासणी आली. मग सीमाच्या बालवाडीचं संमेलन आलं. मग सम्राट म्हणाला, आता मार्च संपू दे. आक्काबाईने कॅसेटी ऐकणं बंद केलं. पुण्याहून येणारी पाकिटं न फोडता खिडकीत पडून राहू लागली, आणि सम्राटला तिच्या शिव्यांपेक्षा ते जास्त जड जाऊ लागलं.

मार्च संपला नव्हता. एका सकाळी चौकातला किराणावाला राधाकृष्ण दारात आला. गल्लीतल्या सगळ्यांचे फोन त्याच्या दुकानात यायचे. एरवी तो रस्त्यातूनच निरोप ओरडायचा. आज चपला काढून आत आला आणि आवाज पोटात नेऊन म्हणाला, "सम्राट, खर्ड्याहून फोन होता. तुझ्या मावसभावाचा, चेतनचा. भीमामावशी... सिरीयस आहेत."

आता आपल्याकडे सिरीयस म्हणजे काय हे शेंबड्या पोरालाही कळतं. माणूस गेलं असं निरोपात कोणी सांगत नाही. ऐकणारा धसका घेईल, वाटेत त्याचंच काही व्हायचं, म्हणून 'सिरीयस आहे, निघा' म्हणायचं, आणि ऐकणाऱ्याने पुढे काही न विचारता पांढरं लुगडं पिशवीत घालायचं. सम्राट मटकन खाली बसला. सीमाने पदर तोंडाला लावला. भिंतीपलीकडे आक्काबाईची जाऊ मुक्ताबाई राहायची, तिला भिंतीतूनही कळलं आणि ती "भीमाबाई गंऽऽ, कशी गं गेलीस!" करत दारातून आत आली.

"गप," आक्काबाई म्हणाली.

मुक्ताबाई गप्प झाली.

"राधाकृष्ण, हिकडं बस. चेतन काय म्हनला ते सांग."

"सांगितलं ना मावशी. म्हणाला..." राधाकृष्णने नाक ओढलं. तो तसा मायाळू माणूस. "म्हणाला, आमची आई..."

"त्यो रडला का?"

"कोण? चेतन? नाही, रडला नाही तो."

"मंग तू कशापायी रडतुयास? तुझा आवाज नको मला. त्याचा सांग. त्यो जसं म्हनला तसं म्हन."

राधाकृष्णने सम्राटकडे पाहिलं. सम्राटने मान हलवली, म्हणजे म्हण बाबा, सुटका कर. राधाकृष्णने घसा साफ केला. "घाईत होता. मागे एसटीचे हॉर्न वाजत होते. म्हणाला, राधाकृष्णभाऊ, चेतन बोलतोय, मावशीला निरोप द्या, आई सिरीयस हाय, लवकर या म्हणावं. बस."

"बस म्हनला?"

"बस मी म्हणतोय."

"म्हंजे पुढं काय तरी हाय."

राधाकृष्ण चुळबुळला. "तसं काही नाही हो. किरकोळ."

"राधाकृष्णऽ!"

"येताना मिश्री आणा म्हणाला! आमच्या दुकानची, काळी, बारीक कुटलेली. आईनं मागितलीय म्हणाला. आता असल्या निरोपात मिश्री कशी सांगायची, मावशी? बरं दिसतं का ते? म्हणून मी ती गाळली."

आक्काबाईने दोन्ही हात जोरात मांडीवर आपटले. "अरं मूर्खा! मिश्री मागती म्हंजे तिला तोंड हाय! जित्ती हाय ती!"

मुक्ताबाई समजुतीच्या सुरात म्हणाली, "आक्के, मान्सं असंच बोलत्यात गं. आपल्याला धीर यावा म्हनून कायबी जोडत्यात."

"चेतन जोडनारा न्हाई. त्याला दोन वाक्यं धड जोडता येत न्हाईत. सम्राट, ऊठ. ह्या घडीला निघायचं."

सम्राट उठला, पण तो मेलेल्या मावशीकडे जायला उठला होता. मेलेल्या माणसाकडे जायचं म्हणजे त्याची रीत असते, एकट्यादुकट्याने जायचं नसतं. श्रीरामपूरच्या चुलत्यांना कळवायला हवं, जीप सांगायला हवी, लुगडं आणायला हवं. प्रत्येकजण तिला "हो आई, हो आक्के," म्हणत होता आणि दुसऱ्याच कामाला लागत होता. कोणी विरोध करीना, त्यामुळे भांडायलाही जागा नव्हती. आक्काबाई ओट्यावर उभी राहून ओरडत होती, "ती वाट बघती! मेल्यावर का मान्सं पळून जात्यात? त्यांना येळच येळ असतो. जित्या मान्साला उशीर हुतो!" चुलते येईपर्यंत जीप दाराशी उभी राहिली. आक्काबाई आत जाऊन बसली आणि ड्रायव्हरचा हॉर्न दाबून धरू लागली. तेव्हा कुठे माणसं हलली.

राधाकृष्णने मिश्रीची पुडी आणून दिली. आक्काबाईने ती चोळीत खोवली.

नगर गेलं, पुढचं कोरडं माळरान लागलं. जीपमध्ये सगळे हळू आवाजात भीमाबाईचे गुण सांगत होते. आक्काबाई चिडून त्यांची वाक्यं दुरुस्त करत होती. "हुती नका म्हनू. हाय म्हना." जामखेडला जीप थांबवून चुलत्यांनी हार घेतला आणि आक्काला कळू नये म्हणून तो मागच्या सीटखाली ठेवला. तिला वास आला. त्यानंतर तिने वाक्यं दुरुस्त करणं सोडून दिलं, आणि शेजारी बसलेल्या सीमाचा हात घट्ट धरून ठेवला.

खर्ड्याच्या किल्ल्याची भिंत दिसली तसा मुक्ताबाईने पदर सावरला. गल्लीच्या वळणावर रीतीप्रमाणे तिने पहिला हेल काढला, मागून दोघी-तिघींनी उचलून धरला. आजूबाजूच्या घरांतून माणसं बाहेर आली आणि बघत राहिली. चेतन हातात तांब्या घेऊन दारात आला होता.

आणि आतून बारीक, धापेचा आवाज आला, "चेतन, बघ रं... कुनाच्यात गेलं कोन?"

मुक्ताबाईचा हेल मध्येच तुटला. जीपमधून उतरलेली माणसं होती तिथे उभी राहिली. चुलत्यांनी हार धरलेला हात पाठीमागे नेला. सम्राट चेतनवर धावून गेला, "अरे, सिरीयस म्हणालास ना तू!"

"सिरीयसच हाय ती!" चेतन रडकुंडीला आला. "जामखेडच्या डाक्टरांनी घरी न्या म्हनून सांगितलं काल. मी आनखी काय म्हनायचं हुतं? सिरीयस मान्साला दुसरा काय शब्द हाय, सांगा तुमी!"

आक्काबाई सीमाच्या खांद्यावर हात ठेवून कधीच आत गेली होती.

भीमाबाई खाटेवर उशांना टेकवून बसवली होती, आडवं झालं की तिला श्वास पुरत नव्हता. आक्काबाईने तिचा चेहरा हाताने पाहिला. गाल राहिले नव्हते.

"कोन, आक्का? हे एवढं लटांबर कशाला आनलंस?"

"तुला पोचवाया आल्यात."

भीमाबाईला हसू आलं, हसण्याचा खोकला झाला, खोकला बराच वेळ चालला. "मिश्री आनली का?"

आक्काबाईने चोळीतून पुडी काढली. स्वतःच्या बोटाने बहिणीच्या हिरड्यांना लावली. बाकीची मंडळी एकेक करून आत येऊन भिंतीला टेकली. कोणाला कुठे बघावं कळत नव्हतं. आक्काबाईला त्यांची पर्वा नव्हती.

"माई, एक इचारायचंय. गिरनीची गोष्ट. पुस्तकात तुझा शेवट न्हाई. सुनंनं वाचून दावला. फौजदार येतो म्हनं."

"फौजदार?" भीमाबाईने तोंड वाकडं केलं असावं, तसा आवाज आला. "फौजदार कशाला गं?"

"तेच मी म्हनते! मंग तू काय वाचत हुतीस?"

"त्या पुस्तकाला... शेवटची पानंच न्हवती. बाजारात तसंच मिळालं."

"अगं पन तू पानं उलटायचीस! मी ऐकलंय. आवाज यायचा."

"इडीच्या बंडलाचा कागुद हुता. मांडीवर धरून... उलटायची."

"कशापायी पन?"

"गोष्ट थांबली असती... तर तुमी सगळ्यांनी मला इड्या वळाया बसवलं असतं."

आक्काबाई असं काही हसली की चेतन दारातून डोकावला. जन्मभर जिचं वाचणं तिने सगळ्यांच्या तोंडावर मारलं, ती शेवट वाचतच नव्हती. तिला राग यायला हवा होता, आणि तो येत नव्हता. तिला एकदम बहिणीचं फार कौतुक वाटलं, आणि इतकी वर्षं आपण हिच्यापासून लांब कशा राहिलो याचं फार वाईट वाटलं.

"सांग की मंग त्यो शेवट. एकदा."

"इसरले मी." भीमाबाई थांबली, श्वास जमवला. "दरसाली आठवंल तसं सांगायची. तुला येतो ना? तूच सांग."

"मला सांगता येत न्हाई."

"मला कुठं... शेवट वाचता येत हुता? सांग."

आक्काबाईने घसा साफ केला. "मंग ती सून... त्या भयाऽन गिरनीकडं..." आणि तिचा आवाज थरथरला, वर चढला, फाटला.

"नाटक करू नको," भीमाबाई म्हणाली. "रेडिओवानी काय बोलतीस? साधं सांग."

आक्काबाईने बहिणीचा हात हातात घेतला. जरा वेळाने ती पुन्हा बोलू लागली, तेव्हा आवाज खाली आला होता.

"मंग ती सून गिरनीकडं गेली. दुपार हुती. दार उघडंच हुतं."

"हूं," भीमाबाई म्हणाली. गोष्ट ऐकणाऱ्याने म्हणायचं असतं तसं.

"आत गिरनी चालू न्हवती. पट्टा लोंबत हुता. भित्तीला लागून डब्यांची रांग हुती आन् डब्यांच्या मागं बाया बसल्या हुत्या. पीठ नाकात जाऊ नये म्हनून पदर लावून."

"हूं."

"गावातल्याच हुत्या. मेलेल्या. तिची सासू हुती. सुईन हुती. कोनी तिच्याकडं बघितलं न्हाई. नंबर यायचा हुता, म्हनून बसल्या हुत्या."

"हूं."

"गिरनीवाला पाठमोरा हुता. त्यो म्हनला, बाई, डबा कुठं ठिवलात? ती म्हनली, मी डबा आनला न्हाई. मी निस्तं इचारायला आले, की दारात पीठ कोन ठिवतं."

आक्काबाई थांबली. हूं आलं नाही. इतका वेळ खोलीत भरून राहिलेला तो घरघरता श्वासही आता येत नव्हता. तिच्या हातातला हात तसाच होता, पण तिने धरला होता म्हणून होता. भिंतीशी मुक्ताबाई हलली, तिने तोंड उघडलं. चेतन पुढे झाला. आक्काबाईने मोकळा हात वर केला. सगळे जागच्या जागी थांबले.

"गिरनीवाला म्हनला," ती त्याच आवाजात पुढे सांगू लागली, "सगळ्या इचारायलाच येत्यात. बसा. नंबर आला की हाक मारतो. मंग ती बसली. शेजारच्या बाईनं जरा सरकून तिला जागा दिली."

तिने बहिणीचा हात नीट उचलून तिच्या छातीवर ठेवला, पदर सारखा केला.

"संपली," ती म्हणाली. "आता रडा."